डोंगराच्या मोऱ्या

१

सकाळी दहाच्या आत ऑफिसात यायचं, खिडकी उघडायची, डबा टेबलाच्या खालच्या कप्प्यात सरकवायचा आणि खुर्चीत बसण्याआधीच शंभर सामने लावून द्यायचे, हा त्याचा सात वर्षांचा परिपाठ होता. सामने लढून होईपर्यंत चहा व्हायचा. चहा संपेपर्यंत तीन-साडेतीनशे माणसं भाजून निघायची. घरी कुणी विचारलं तर तो असं सांगत नसे, पण कामाचं खरं वर्णन तेच होतं.

खेळ लढाईचा होता. पोटात माणूस बसवलेली लोखंडी यंत्रं एकमेकांचे हात उपटतात, छाती फोडतात, पडलेल्याच्या अंगावर उभी राहून त्याला चेचतात. यंत्रं चार मापांची. सगळ्यांत लहान टोळ, मग लांडगा, मग रेडा, आणि सहा मजली इमारतीएवढा डोंगर. तोफ डागली की यंत्र तापतं. हद्दीबाहेर तापलं की आतला माणूस भाजतो आणि किंचाळतो. ती किंकाळी हीच खेळणाऱ्याला सूचना, की थांब, जरा गार होऊ दे. नाही थांबला तर यंत्र फुटतं. म्हणून यंत्राच्या अंगावर उष्णता बाहेर फेकणारी उपकरणं बसवायची. कुठल्या मापाच्या यंत्राला ती किती द्यायची, म्हणजे लहानावर अन्याय होणार नाही आणि मोठा माजणार नाही, हे ठरवणं त्याचं काम. ऑफिसात त्याला सगळे तराजू म्हणत.

त्या उपकरणांना बाहेर सगळे हीट सिंक म्हणतात. या ऑफिसात त्यांना मोऱ्या म्हणत. ही दादाची देणगी. दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. काचेच्या कारखान्यात भट्टीवर होता. एकदा ऑफिस बघायला आला, पडद्यावरची उघडझाप करणारी जाळी बघितली आणि म्हणाला, "सिंक म्हणजे मोरीच की ही."

"मोरी काय, दादा. बारा पानी नियमावली आहे तिची."

"असू दे. पण मला सांग, मोरीत ओतलं म्हणजे संपलं का? खालच्याच्या छतातून टिपकतं ते. उष्णता कुठे जात नसते, धाकट्या. कुणाच्या तरी गळ्यात पडते."

सगळे हसले होते. दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात मोऱ्या हाच शब्द.

या सोमवारचं काम सरळ होतं. खेळाची नवी आवृत्ती शुक्रवारी अकरा वाजता निघायची होती. तक्रार जुनीच: चार मोऱ्यांचा टोळ दिवसभर गोळ्या झाडत बागडतो, आणि त्याच चार मोऱ्या डोंगराला असून नसल्यासारख्या. त्याने डोंगराला सहा दिल्या आणि कोरडे सामने लावले. कोरडा सामना म्हणजे चित्र नाही, आवाज नाही, दोन्ही बाजूंनी कॉम्प्युटरच खेळणार. शेवटी नुसता तक्ता हातात येतो. कोण कधी तापला, किती वेळा किंचाळला, किंकाळी किती सेकंदांची.

डोंगर आधी शंभर सामन्यांत एकशेवीस वेळा किंचाळायचा, आता नव्वद वेळा. त्याने समाधानाने घोट घेतला. मग सेकंदांचा रकाना दिसला.

किंकाळीचं मूळ रेकॉर्डिंग एकच होतं, चार सेकंदांचं. लांडग्याला ते जसंच्या तसं लागायचं. टोळाला जलद पळवून तीन सेकंदांत, बारीक. रेड्याला पाच, डोंगराला सात, खर्जात. गेली सहा वर्षं हेच. आज डोंगरापुढे नऊ होतं. नऊ आणि वर थोडं.

सवयीने त्याने खाली बेरीज बघितली. चारही मापांच्या सगळ्या किंकाळ्या मिळून एक हजार आठशे बारा सेकंद. मग मोऱ्या वाढवण्याआधीचा, शुक्रवारचा तक्ता काढला. एक हजार आठशे बारा.

डोंगराच्या मोऱ्या त्याने आठ केल्या. किंकाळ्या साठवर आल्या. एकेक चौदा सेकंदांची झाली. बेरीज हलली नाही.

२

त्या रेकॉर्डिंगला सहा वर्षं झाली होती.

नट आणून बघितले होते. नट किंचाळायचे, पण भाजल्यासारखे नाही. कुणीतरी उशीखाली चिमटा काढल्यासारखे. तेव्हा त्यालाच दादा आठवला. भट्टीच्या घरघरीवरून हाका मारून मारून दादाचा आवाज असा झाला होता, की घरात साधं मीठ मागितलं तरी शेजारचे दार उघडून बघत.

रेकॉर्डिंगची खोली लहान, भिंतींवर करडा स्पंज. आत टाळी वाजवली तर ती हातातच मरायची. दादा काचेपलीकडे उभा होता, डोक्यावर हेडफोन, एक हात खिशात. उजव्या हाताचं मधलं बोट त्याला खिशात घालता येत नसे. जुन्या भाजण्याने ते आत वळून आखडलं होतं. काचेच्या अलीकडे तराजू, आणि ध्वनीचं बघणारा सहकारी. त्याला ऑफिसात कानसेन म्हणत.

दादा किंचाळला. मग डोळे उघडून, अगदी साध्या आवाजात विचारलं, "अजून?"

"अजून. आणि अजून जोरात, दादा. खरं वाटत नाहीये."

"खरं कसं असतं ते मी बघितलंय बाबा. खरं असलं की माणूस आधी गप्प बसतो."

"खेळात तसं चालत नाही. ऐकू यायला पाहिजे."

दुसरी. "अजून?" अजून. तिसरी. पाचवी. दादाच्या गळ्याच्या शिरा दोरीसारख्या तटतटल्या, कपाळ काळपट लाल झालं. नवव्या वेळी तो भिंतीला टेकला. दर वेळी किंकाळी संपली की तोच शब्द, तीच भुवई वर. कंटाळा नाही, राग नाही. लहानपणी तो पाठीवर बसवून घोडा व्हायचा तेव्हाही असंच विचारायचा. चौदाव्या वेळी कानसेनने परस्पर यंत्र बंद केलं. "तराजू, पुरे. माणूस आहे तो," म्हणाला. तराजूने स्वतः काही बस म्हटलं नव्हतं.

चौदावीच निवडली. शेवटचा "अजून?" कापून टाकला.

दोन वर्षांनी कारखान्यात भट्टीची विटांची भिंत फुटली आणि वितळलेली काच दादाच्या कमरेपर्यंत आली. चार माणसं दहा हातांवर उभी होती आणि त्यांना काही करता आलं नाही. घरी आली ती पेटी बंद होती. खिळे ठोकलेले होते, आणि ते कुणी काढू नयेत म्हणून कारखान्याचा एक माणूस शेवटपर्यंत शेजारी उभा होता. त्या चौघांतल्या एकाने नंतर सांगितलं, की साहेब आधी गप्प होते. मग ओरडले. आणि शेवटी आमच्याकडे बघून काहीतरी बोलले. काय ते कळलं नाही. विचारल्यासारखं वाटलं.

ऑफिसच्या मॅडमनी तेव्हा आपण होऊन विचारलं होतं, की खेळातला आवाज काढून टाकू का. तो म्हणाला होता, "राहू दे. आवाज तरी राहील."

३

वहिनी दुसऱ्या मजल्यावर राहत. दादा गेल्यावर जागा बदलली होती. पहिल्या मजल्यावर, बरोबर त्यांच्या खाली, दोन वर्षांपूर्वी गेमिंग कॅफे निघाला. बारा कॉम्प्युटर, बारा खुर्च्या, आणि दुपारी दोनपासून भरलेला.

मंगळवारी दुपारी त्यांचा फोन आला म्हणून तो गेला. दार उघडलं तेव्हा वहिनींचा उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत होता.

"बसा भावोजी. चहा तुम्हालाच करावा लागेल."

"हे काय झालं?"

"काच लागली," त्या म्हणाल्या, आणि स्वतःशीच जराशा हसल्या. "आमच्या घराण्याला काचेचा शापच आहे म्हणायचा."

मग सरळ सांगितलं. शनिवारी त्या पोळपाटाखालचं लाटणं उचलून खाली गेल्या. तिसऱ्या खुर्चीवरचा माणूस खेळत होता. त्याच्या पडद्यावर त्यांनी लाटणं घातलं. मग शेजारच्या पडद्यावर. लाटणं तुटल्यावर मुठीने. चौथ्या पडद्यापाशी कॅफेवाल्याने त्यांना मागून मिठी मारून धरलं. त्यांनी त्याच्या मनगटाचा चावा घेतला. "रक्त आलं हो तोंडात. माझं का त्याचं, कळलं नाही. बरा माणूस आहे तो. त्यानेच दवाखान्यात नेलं."

तेवढ्यात पायाखालून आवाज आला.

फरशीतून येताना तो बराच बोथट झाला होता, पण ओळखू येत होता. लांडग्याचा, मूळ वेगाचा. वहिनींनी बोलणं न थांबवता खुर्ची मागे सरकवली, टाच उचलली आणि फरशीवर दाबून धरली. झुरळावर ठेवावी तशी. किंकाळी संपेपर्यंत टाच तशीच. टाचेच्या कडा पांढऱ्या पडल्या. मग पाय उचलला.

"सुरुवातीला बरं वाटायचं, खोटं नाही सांगत. दुपारची झोप त्या आवाजावर लागायची. आवाज तर आहे, म्हणायचे. बारीक आला की म्हणायचे, आज सर्दी झाली वाटतं यांना." त्या पट्टीचा सुटलेला धागा ओढत राहिल्या. "पण आता तो बोलायला लागलाय, भावोजी."

"वहिनी, चार सेकंदांचं रेकॉर्डिंग आहे. त्यात शब्द नाही. मी स्वतः कापलंय."

"काय कापलंत?"

त्याने नजर फरशीकडे वळवली.

"नुसतं ओरडला असता तर मी जन्मभर ऐकलं असतं. पण तो विचारतो. आणि माझ्याकडे उत्तर नाही, कारण मला विचारतच नाही तो. माझा नवरा माझ्या घरात, माझ्या पायाखाली, दुसऱ्या कुणाला तरी विचारतो." त्यांनी त्याच्याकडे बघितलं. डोळे कोरडे होते. "ते काढून टाका. मी विनवणी करत नाही, सांगतेय. परत खाली गेले तर पडद्यावर नाही थांबणार मी. माणसं बसलेली असतात तिथे. मला माझी खात्री उरली नाही."

"या शुक्रवारी," तो म्हणाला. "अकरा वाजता. शब्द देतो."

निघताना तो जिन्यात थांबला. कॅफेच्या दाराचीही काच त्या झटापटीत गेली असावी; नवीन बसवली होती, तिच्यावर अजून पुट्टीचे बोटांचे ठसे. आत कुणाचा तरी रेडा कुणाच्या तरी लांडग्याचा पाय गुडघ्यातून मोडत होता.

४

मॅडम म्हणाल्या, "काढ. बोंबलतील खेळणारे, बोंबलू देत." मग फाईल बंद करता करता, "चार वर्षांपूर्वी म्हणाला असतास तर तेव्हाच काढला असता रे."

"हो."

कानसेनने तासाभरात भोंगा करून दिला. एक सेकंदाचा, चारही मापांना सारखा. जुनी फाईल त्याने याच्या समोर पुसली, तिची नक्कल पुसली, नकलेची नक्कल पुसली. "आता तुझा दादा सुटला," म्हणाला, आणि बोलल्यावर जीभ चावली.

बुधवारी सकाळी त्याने कोरडे सामने लावले. तक्त्यातून किंकाळीचा रकाना त्याने आधीच काढून टाकला होता. बेरजेचं घर काढायचं विसरला होता. त्या घरात आता बेरीज करायला काहीच नव्हतं.

एक हजार आठशे बारा.

जुना आकडा चिकटून राहिला असेल. असं होतं. त्याने ते घर पुसलं, तक्ता बंद केला, उघडला. घर नव्हतं. म्हणजे तेच होतं. त्याने तीन वेळा स्वतःला सांगितलं, की तेच होतं. मग उठून हेडफोन आणले. तक्त्यावर कशाला भिस्त ठेवा, चित्र आणि आवाज लावून एक सामना स्वतःच खेळून बघू, म्हणजे विषय संपला. कानसेन शेजारी दुसरा हेडफोन लावून बसला.

त्याने डोंगर घेतला. समोर दोन रेडे आणि एक टोळ. कित्येक वर्षांत तो असा खेळला नव्हता. पहिल्या रेड्याला त्याने भिंतीशी दाबला आणि खांद्यातून हात उपटला, तारा आतड्यांसारख्या लोंबल्या. त्याच हाताने त्याचं तोंड ठेचलं. टोळ पायात घुटमळत होता, त्यावर पाय दिला, आणि खालून आलेला करकर आवाज संपेपर्यंत उचलला नाही. दुसरा रेडा पळत होता. पाठीत तोफ घातली, पडल्यावरही घातली. गरज नव्हती. डोंगराच्या आठही मोऱ्या उघडून धापा टाकत होत्या. काटा लाल झाला. हद्द ओलांडली.

भोंगा वाजला.

"वाजला," कानसेन म्हणाला. "स्वच्छ आहे."

भोंग्याच्या खालून काहीतरी वर येत होतं. अवजड कपाट दूरच्या खोलीत फरशीवरून ओढावं तसं. तो आवाज रुंद होत होत कानांत मावेनासा झाला. डोंगराच्या वेगाचा दादा. खर्जात, सावकाश, एकेक श्वास वेगळा ऐकू येईल असा. चौदा सेकंदांच्या पुढे त्याने मोजणं सोडलं.

"तुला भोंगाच ऐकू येतोय ना?" त्याने विचारलं.

"मग काय, बँड?" कानसेन त्याच्या चेहऱ्याकडे बघत म्हणाला. "तराजू, तू घरी जा. मी पाणी आणतो."

तो पाणी आणायला गेला. दार लागलं. किंकाळी संपली आणि तिच्या मागे थोडी शांतता आली. ती शांतता त्याच्या ओळखीची होती. स्पंजच्या भिंतींची. आणि मग अगदी साध्या आवाजात, फक्त फार हळू:

"अ… जून?"

बस म्हणायचं होतं. तोंडाशी आलं होतं. त्यासाठीच तर हे सगळं चाललं होतं, वहिनींना शब्द दिला होता. पण चार वर्षांत दादाने त्याला काहीच विचारलं नव्हतं. आणि हे त्यालाच पक्कं ठाऊक होतं, की एकदा बस म्हटलं की पुन्हा कधी विचारणार नाही.

"अजून," तो म्हणाला.

कानसेन पाणी घेऊन आला तेव्हा तो दुसरा सामना लावत होता. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याने अकरा सामने खेळले. अकराही वेळा जे हाती लागलं ते चिरडलं, कारण तापल्याशिवाय हद्द ओलांडत नाही. अकराही वेळा त्याला विचारलं गेलं. अकराही वेळा त्याने तेच उत्तर दिलं.

५

शुक्रवारी अकरा वाजता नवी आवृत्ती निघाली. टोळाला तीन मोऱ्या, लांडग्याला चार, रेड्याला पाच, डोंगराला आठ. कुणाची तक्रार आली नाही. एकाने लिहिलं, की प्रथमच चारही मापांना न्याय मिळाला.

दुपारी तीनला तो वहिनींकडे गेला. जिन्यात थांबून कॅफेत डोकावला. बाराही खुर्च्या भरलेल्या, आणि कुठे ना कुठे भोंगा वाजतोय. कॅफेवाल्याच्या मनगटावर दातांची जांभळी खूण होती.

"काय हो, किंकाळी काढली म्हणे," तो म्हणाला. "मजा गेली थोडी. पण वरच्या बाई खूश असतील."

वरच्या बाई खूश होत्या. डाव्या हाताने त्यांनी चहा केला होता आणि बशीत सांडलेला पुसलाही होता. खुर्ची भिंतीशी होती, दोन्ही पाय जमिनीवर सैल.

"अकरा वाजल्यापासून काही नाही," त्या म्हणाल्या. "मी मुद्दाम घड्याळ पुढ्यात घेऊन बसले. भावोजी, मी चार तास नुसती बसलेय. काल कुणी सांगितलं असतं की नुसतं बसण्यात एवढं सुख आहे, तर हसले असते." मग जरा थांबून, "तुम्हाला त्रास झाला असेल. तुमचाही भाऊच तो."

त्याने चहाचा कप उचलला. त्याच्या पायाचे तळवे गरम झाले होते. त्याने मोज्यांतली बोटं हलवून बघितली.

"फरशी गरम वाटते का तुम्हाला?"

"ते मोरीमुळे असेल. तेही अकरापासूनच. वाफ येतेय जाळीतून. मी खालच्याला सांगितलं, तर तो म्हणे आमच्याकडे नळसुद्धा नाही, बाई. जरा बघता का? मला या हाताने वाकता येत नाही."

तो उठला. मधल्या खोलीतून मोरीपर्यंत सात पावलं. दर पावलाला तो स्वतःला एकेक कारण देत गेला. गरम पाण्याची वाहिनी फुटली असेल. खालच्या यंत्रांची हवा वर येत असेल. बारा कॉम्प्युटर म्हणजे थोडी का उष्णता. चौथ्या पावलाला दादाचं वाक्य आठवलं आणि पुढची कारणं सुचली नाहीत.

मोरी लहान होती. बादली, तांब्या, कोपऱ्यात कपडे धुवायचा दगड. बादलीतलं पाणी थरथरत होतं. लोखंडी जाळीभोवतीची फरशी खडखडीत कोरडी, जाळीच्या कडा काळसर लाल. वाफ नव्हती ती. वाफेला वास नसतो. हा वास त्याला बंद पेटीपाशी आला होता, खिळ्यांच्या फटींतून.

त्याने दार ओढून घेतलं आणि गुडघ्यांवर बसला.

खालून आवाज आला तो टोळाच्या वेगाचा. इतका बारीक, की बाहेर ऐकू गेला तर मांजराचं पिल्लू वाटलं असतं. तो संपला. मग स्पंजच्या भिंतींची ती शांतता. आणि जाळीच्या दोन गजांमधून बोटं वर आली. चार. काडेपेटीच्या काड्यांएवढी. त्यांच्यावर काचेचा पातळ, पारदर्शक थर होता आणि त्याच्या आत कातडी हलत होती. मधलं बोट आत वळून आखडलेलं होतं.

"अजून?"

"भावोजी," बाहेरून वहिनी म्हणाल्या, "कुणाशी बोलताय?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्या उठत होत्या. त्यांनी हे ऐकता कामा नये, एवढा एकच विचार त्याच्या डोक्यात शिल्लक राहिला. त्याने उजवा तळवा जाळीवर दाबला.

आधी काहीच झालं नाही. आवाज मात्र झाला, तव्यावर पाण्याचा हात मारावा तसा. मग ते खांद्यापर्यंत आलं. त्याने दात आवळले. दादा खरं सांगत होता, माणूस आधी गप्प बसतो. तळव्याखाली चार बारीक टोकं दिसायची बंद झाली होती, पण लागत होती. ती त्याचा हात ढकलत नव्हती. धरत होती.

"काही नाही वहिनी," तो म्हणाला. "जाळी अडकलीय. बसा तुम्ही."

पावलं थांबली, मग परत खुर्चीकडे वळली. तो खाली वाकला. कपाळ जवळजवळ फरशीला लागलं.

"बस," तो कुजबुजला. "बस, दादा. बस. झालं आता."

खाली कुणीतरी विचार करत असल्यासारखी शांतता. हात निघत नव्हता. तळवा आणि लोखंड यांच्यात आता फरक कळत नव्हता. बोटांच्या फटींतून धूर निघत होता आणि त्याला तो वास स्वतःचा म्हणून ओळखू येऊ लागला. त्याच वेळी त्याला एक आकडा दिसला, पुसलेल्या घरातला, जसाच्या तसा. एक हजार आठशे बारा. साठने भागला की अर्धा तास, आणि वर बारा सेकंद. एवढी किंकाळी आता कुणाच्या तरी गळ्यात पडायची होती.

मग उत्तर आलं. टोळाच्या वेगाचं नाही, लांडग्याच्या. मूळ वेगाचं. दादाच्या रोजच्या, मीठ मागतानाच्या आवाजात. त्यात राग नव्हता. समजूत होती.

"अजून जोरात, धाकट्या. खरं वाटत नाहीये."

त्याचं तोंड उघडलं.

बाहेर खुर्ची मागे सरकली, आणि वहिनींची टाच फरशीवर येऊन दाबली गेली.